साडेसहा फुटी रॉड आणि एक मोजा

एप्रिलमधल्या एका रविवारी मंजिरीने चूक केली. सकाळी पोहे खाता खाता ती नवऱ्याला म्हणाली, "दत्ता, मला एक फ्लाय रॉड घ्यायचाय."

दत्तप्रसादने चमचा बशीत ठेवला. "आपण बघू," तो म्हणाला.

इतर घरांत "आपण बघू" म्हणजे विषय संपला. सातासमुद्रापार केलीव्हिलच्या या घरात तिथून विषय सुरू व्हायचा. दत्तप्रसाद असं म्हणाला की संध्याकाळपर्यंत त्या वस्तूची एक्सेल शीट तयार असायची. हे घर शीटमधून आलं होतं. गाडी, मिक्सर, गादी, मुलीची शाळा, एवढंच काय, मंजिरीचे चालायचे बूटसुद्धा शीटमधून आले होते. दत्तप्रसाद रेल्वे सिग्नलचा इंजिनियर, म्हणजे काहीही चुकू नये याचाच पगार घेणारा माणूस, आणि खरी पंचाईत अशी की त्याचं कधी चुकतच नसे. गादी उत्तम होती. बूट तर इतके आरामशीर होते की त्यांनी एकदा तरी चावावं अशी मंजिरीची मनापासून इच्छा होती. त्याशिवाय तक्रार करायची कशाच्या जोरावर?

मंजिरी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिथली तिची मैत्रीण ग्लेंडा, निवृत्तीला आलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण दर शनिवारी कुठल्या तरी ओढ्यात उभी. तिने मार्चमध्ये मंजिरीला ओबेरॉनजवळच्या एका ओढ्यावर नेलं आणि हातात स्वतःचा जुना रॉड दिला. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला किडा लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी लावतात, आणि तिला स्वतःचं असं काही वजनच नसतं. ती पाण्यापर्यंत पोचवायची ती दोरीच्या वजनाने आणि रॉडच्या लवण्याने. मंजिरीने दिवसभरात एकही मासा पकडला नाही. पण सलग चार तास तिला कोणी काही विचारलं नाही, समजावलं नाही, आणि मनगटाला कसलीशी लय सापडल्यासारखी वाटली. ती घरी आली ती गुणगुणत. पन्नाशीला काही महिने उरले होते, आणि तिने ठरवून टाकलं: ही एक वस्तू मी घेणार. माझ्या हाताने, माझ्या मनाने, कोणाचीही शीट न बघता.

आणि मग पोहे खाताना तोंडातून निघून गेलं.

मे, जून, जुलै. शीटमध्ये चाळीस रॉड आले, रकाने तेवीस झाले. लांबी, वजन, वॉरंटी, रिळाचा ब्रेक, रिळाचा धातू, पुढे विकायचा झाल्यास काय होईल. एकट्या रिळासाठी चार रकाने. दत्तप्रसाद जन्मापासून शाकाहारी, मासा त्याने जवळून पाहिला तो मंजिरीच्या ताटात, तोही पंखा लावून. पण ऑगस्टपर्यंत तो ग्रॅफाइट आणि फायबरग्लासवर असा बोलायला लागला की शेजारचा माणूस लॉन अर्धवट सोडून आत निघून जायचा.

"चार नंबरचा, नऊ फुटी, ग्रॅफाइट," तो शेवटी म्हणाला. "नंबर जितका लहान तितका रॉड हलका, हे मान्य. पण चार नंबर म्हणजे सगळीकडे चालेल असा. सत्त्याऐंशी पॉइंट चार स्कोअर आहे, मंजू."

"एकदा हातात घेऊन बघू या की."

"अगं, बघायचंच आहे. उगाच डोळे मिटून कोण घेतंय?"

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ते पेनरिथच्या रस्त्यावरच्या दुकानात गेले. ट्राउटच्या ओढ्यांचा मोसम ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला उघडतो, म्हणजे बरोबर एक आठवडा हातात होता. दुकानाचा मालक रॉस, पांढरी दाढी, टोपीला दहा-बारा खोट्या माशा टोचलेल्या. दत्तप्रसादने त्याच्यापुढे सहा पानी प्रिंटआउट ठेवलं. रॉसने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि अत्यंत आदराने ते काउंटरवर पालथं घातलं.

"तुम्ही कुठे मासे पकडणार?" त्याने मंजिरीला इंग्रजीत विचारलं. गेल्या पाच महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"ओबेरॉनकडच्या ओढ्यांत. अगदी लहान. झाडी खूप."

रॉस आतून एक छोटा रॉड घेऊन आला. साडेसहा फूट, तीन नंबरचा, फायबरग्लासचा, मधाच्या रंगाचा. दुकानामागच्या हिरवळीवर त्याने तो दोरी ओवून तिच्या हातात दिला आणि मागे सरकला.

मंजिरीची आई माहीमच्या बाजारात पापलेट घ्यायची तेव्हा भाव विचारायच्या आधी मासा उचलायची. कल्ला उघडून बघायची, अंगठ्याने दाबायची, आणि एक तर खाली ठेवायची, नाही तर पिशवी पुढे करायची. लहानपणी मंजिरीने विचारलं होतं, कसं कळतं? आई म्हणाली होती, हाताला कळतं, मला काय माहीत. आत्ता, आईला जाऊन सहा वर्षं झाल्यावर, पेनरिथच्या त्या दुकानामागे मंजिरीच्या हाताला कळलं. रॉड सावकाश मागे लवला, थांबला, पुढे आला, आणि दोरी हिरवळीवर पसरली ती चादर झटकून अंथरावी तशी. तिला एकदम हसू फुटलं.

"दत्ता, हा छान वाटतोय."

"छान म्हणजे किती?" दत्तप्रसाद पेन उघडून उभा होता.

आता या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? दत्तप्रसाद रागावणारा नव्हता. रागावला असता तर बावीस वर्षांत तिने त्याला दहादा गप्प बसवलं असतं. तो समजावायचा. गोड बोलून, आकडे देऊन, मध्ये पाणी आणून देऊन समजावायचा, आणि शेवटी समोरच्याला आपणच अडाणी आहोत असं पटायचं. त्याने समजावलं. साडेसहा फुटी रॉड मोठ्या नदीवर काहीच कामाचा नाही. फायबरग्लास जड. शीटमध्ये याचा नंबर एकतिसावा.

"बरं," मंजिरी म्हणाली.

नऊ फुटी ग्रॅफाइट रॉड पैसे देऊन गाडीत आला. रॉसने पिशवी देताना मंजिरीकडे असं पाहिलं की तिला मान खाली घालावी लागली. रॉड चार तुकड्यांत निघायचा आणि तिच्या हाताएवढ्या नळीत बसायचा. घरी येताच दत्तप्रसादने लेबल छापायचं यंत्र काढून नळीवर मंजिरीचं नाव आणि फोन नंबर चिकटवला. तो इतका खूश होता की त्याने चहासुद्धा केला. मंजिरीने तो प्यायला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पाच मिनिटं रडली. रॉडसाठी पन्नाशीची बाई रडते, या गोष्टीचा तिला आणखी राग आला.

रविवारी तिने भांडी जरा जास्तच आपटली. सोमवारी शिफ्ट तीनला संपली आणि गाडी आपोआप पेनरिथकडे वळली, निदान मुलीला तिने नंतर तसंच सांगितलं. तिने काउंटरवर नळी ठेवली. "वापरलेला नाही," ती म्हणाली. "मला तो दुसरा हवाय."

"परत कधी येताय याचाच विचार करत होतो," रॉस म्हणाला. मधाच्या रंगाचा रॉड त्याने काउंटरखालीच ठेवला होता.

"पण नळी हीच राहू दे. हिच्यावर लेबल आहे."

रॉसने लेबल वाचलं, मग मंजिरीकडे पाहिलं, आणि नवऱ्याबायकोच्या भानगडीत न पडणाऱ्या माणसासारखी टोपी सारखी केली. छोटा रॉड रिळासकट नळीत गेला. फक्त एक झालं: तो नळीपेक्षा आखूड होता, आणि नळी उचलली की आत खुळखुळत होता.

घरी ओवी होती. ओवी मुलगी, मेलबर्नच्या क्लेटनमध्ये युनिव्हर्सिटीत, सुट्टीसाठी आठवडाभर आलेली, आणि सध्या सोफ्यावर आडवी. आईने नळी कानाजवळ धरून हलवलेली तिने पाहिली.

"आई. व्हॉट डिड यू डू?"

मंजिरीने सांगितलं. ओवी उठून बसली. मोबाइल बाजूला ठेवला, म्हणजे प्रकरण किती गंभीर ते बघा.

"यू बॉट अ सीक्रेट रॉड. बिहाइंड बाबाज बॅक. आई, आय हॅव नेव्हर बीन प्राउडर."

"ओवी, चेष्टा नको. हे वाजतंय. त्याच्या कानावर गेलं तर तो विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही."

"सो टेल हिम."

"सांगणारच आहे. पण आधी एकदा ओढ्यावर वापरून बघते. एक दिवस तरी माझा माझा. मग समजावू दे त्याला वाटेल तेवढं."

ओवी कपड्यांच्या ढिगाकडे गेली आणि त्यातला बाबाचा एक करडा मोजा घेऊन आली. मोजा नळीच्या तळाशी कोंबला. रॉड गप्प बसला. लाँग वीकेंडच्या शनिवारी ग्लेंडा सकाळी न्यायला येणार होती. दत्तप्रसाद घरीच राहणार होता, त्याला उन्हाची, गवताची आणि एकूणच निसर्गाची ॲलर्जी होती. सगळं नीट जुळलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी दत्तप्रसाद मोजे लावायला बसला. हे काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. प्रत्येक जोडीचा तो एक घट्ट गोळा करायचा आणि खणात रांगेने ठेवायचा.

"एक करडा मोजा कमी आहे," तो म्हणाला.

"मशीनने खाल्ला असेल," ओवी म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसून खोकत राहिली. दत्तप्रसादने मशीनच्या मागे टॉर्च लावून बघितलं. मग एकटा उरलेला मोजा घडी करून खणाच्या कोपऱ्यात ठेवला, सापडेल या आशेवर.

गुरुवारी दसरा होता. दसऱ्याला घरातली हत्यारं-अवजारं पाटावर मांडून त्यांची पूजा करायची, त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही, हा नेम दत्तप्रसादने इथेही कधी मोडला नव्हता. फक्त अवजारं बदलली होती. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, सुरी, लॉनमोअरची बॅटरी, ओवीचा कॅलक्युलेटर. आणि या वर्षी अर्थातच रॉड.

मंजिरी डबा भरायचा सोडून बाहेर आली. तिची सकाळची शिफ्ट होती, साडेसहाला निघायचं होतं. "दत्ता, रॉड बाहेर काढू नकोस हं. फार नाजूक असतो. नळीचीच पूजा कर."

"नळीची?"

"नळीची. त्याला पोचते ती."

"बरं," दत्तप्रसाद म्हणाला. दिवसभर ती रक्ताच्या नमुन्यांकडे बघत होती आणि नळ्या मोजत होती. दुपारी घरी आली तर पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, नळी झाकण लावून तशीच, वर एक झेंडू. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

त्या दिवशी दत्तप्रसाद मात्र जेवताना गप्प होता. शुक्रवारीही गप्प. रॉडबद्दल चकार शब्द नाही, ना ब्रेक, ना ग्रॅफाइट. मंजिरीला वाटलं, ॲसिडिटी असेल.

शुक्रवारी संध्याकाळी ग्लेंडाचा फोन आला. उजव्या गुडघ्याने सपशेल दगा दिला होता, तिला बाथरूमपर्यंत जाता येत नव्हतं, ओढ्याचं तर नावच नको. मंजिरीने फोन ठेवला. एकटीने जायचं म्हणजे डोंगरातून अडीच तास गाडी, फोनला रेंज नाही, आणि ऑक्टोबरात, इथल्या वसंतात, सापही बाहेर पडलेले. म्हणजे राहिलंच. ती बाहेर काढलेले वॉटरप्रूफ बूट परत पिशवीत घालायला लागली.

"मी येतो," दत्तप्रसाद म्हणाला.

"तू?"

"गाडी मी चालवतो. तू मासे पकड. मी खुर्ची घेऊन बसेन."

सोफ्यावरून ओवीने आईकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. मंजिरीची पाचावर धारण बसली. नको म्हणावं तर कारण काय सांगायचं? बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस आपणहून गवतात बसायला तयार झाला होता.

शनिवारी सकाळी ते निघाले. गाडीत घडीची खुर्ची, थर्मास, डासांचा स्प्रे, सापासाठी दोन बँडेजं, आणि मागच्या सीटवर बेल्ट लावलेली नळी. मंजिरीने ठरवलं, रिचमंड आलं की सांगायचं. रिचमंड गेलं. मग ठरवलं, कुरजाँगचा चढ संपला की. चढ संपला. बिलपिनला ते ॲपल पायसाठी थांबले, तेव्हा तिने चमचा खाली ठेवून म्हटलं, "दत्ता, एक सांगायचंय."

"गरम आहे, आधी खा," तो म्हणाला आणि लगबगीने टिश्यू आणायला गेला. परत आला तो डोंगरावरच्या सफरचंदांबद्दल बोलत. ते लिथगो येईपर्यंत पुरलं.

ओढा एका शेताच्या कडेने जात होता. दत्तप्रसाद काठावर उभा राहिला आणि त्याने चष्मा पुसला.

"हा?"

"हा."

"अगं, हा तर मी उडी मारून ओलांडेन."

दोन्ही काठांनी झाडोरा पाण्यावर ओणवा झालेला, मध्ये ब्लॅकबेरीचे काटे, आणि त्याखालून पाणी गुडघाभर, थंड, दगडांवरून खळखळत. डोक्यावर हात उंच केला तर फांदीला लागत होता. दत्तप्रसादने वर बघितलं, खाली बघितलं, हवेत दोन हात पसरून कसला तरी अंदाज घेतला. "इथे नऊ फूट…" तो म्हणाला आणि तिथेच थांबला. मग त्याने खुर्ची उघडली, तिच्यात बसला आणि समोरच्या झाडावरचा पक्षी फार लक्ष देऊन बघायला लागला.

आता पळवाट उरली नव्हती. मंजिरी त्याच्याकडे पाठ करून गवतात बसली आणि तिने नळीचं झाकण फिरवलं. समजावलं तर समजावू दे, तिने मनाशी म्हटलं. ऐकून घेईन आणि तरी याच रॉडने पकडेन. तिने नळी तिरपी केली.

आधी रॉडची कापडी पिशवी आली. मग मोजा बाहेर पडला आणि गवतात घरंगळला.

मोजा घरंगळत नसतो. कोंबलेला मोजा चपटा असतो, तो चिंधीसारखा पडतो. मंजिरीने उचलून बघितला. एक नव्हता. दोन करडे मोजे होते, एकात एक घालून त्यांचा घट्ट गोळा केलेला, खणात ठेवण्याजोगा.

तिने पिशवीची नाडी सोडली. मधाच्या रंगाचा रॉड. खालच्या बुचाच्या मुठीवर हळदीचं एक बोट आणि त्याच्याशेजारी कुंकवाचं एक बोट, अगदी ओळीत, पट्टी लावून ओढल्यासारखं.

म्हणजे गुरुवारपासून. गुरुवारी, शुक्रवारी आणि आज अख्खा रस्ताभर याला माहीत होतं. टूथपेस्ट बदलली तरी पंधरा मिनिटं बोलणारा हा माणूस अडीच दिवस तोंडाला कुलूप लावून बसला होता. मंजिरीने मोज्यांचा गोळा परत नळीत ठेवला. तिला वळून त्याच्याकडे बघायचा धीर होईना, आणि तोही बघत नव्हता. पक्षी केव्हाच उडून गेला होता, दत्तप्रसाद अजून फांदीकडे बघत होता.

तिने रॉड जोडला, दोरी ओवली, माशी बांधली, आणि बूट घालून पाण्यात उतरली. रिळातून दोरी ओढली. पंधरा-एक फूट आली आणि मग रिळात कचकन काहीतरी अडकलं. तिने जरा जोर लावला. रीळ हलेना. पण इथे दोरी लागणार होती तेवढीच. शीटमधले चार रकाने, धातू आणि ब्रेक, सगळे ओढ्यात वाहून गेले.

दोनदा माशी फांदीत अडकली. एकदा तिच्याच टोपीत. चौथ्यांदा रॉड सावकाश मागे लवला, थांबला, पुढे आला, आणि माशी एका दगडामागच्या संथ पाण्यावर अलगद पडली. तिथे एक छोटासा बुडबुडा उठला आणि माशी नाहीशी झाली.

"दत्ता!" ती किंचाळली.

दत्तप्रसाद खुर्चीसकट उठला. रॉडची कमान झाली होती आणि तिच्या हातात काहीतरी जिवंत थरथरत होतं. रीळ फिरत नव्हतं, म्हणून ती डाव्या हाताने दोरी ओढत राहिली, आई गावी विहिरीवर दोर ओढायची तशी, हातावर हात. एका मिनिटात ट्राउट तिच्या पायाशी होता. वीतभर लांब, पिवळसर पोट, अंगावर लाल ठिपके. तिने हात पाण्यात भिजवला, त्याला खालून धरलं, आणि गळ सोडवला.

"बघ! बघितलास?"

"बघितला," दत्तप्रसाद म्हणाला. तो चांगल्या बुटांसकट पाण्यात उतरला होता आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "आता?"

"आता सोडायचा."

मासा तिच्या बोटांतून निसटून दगडाखाली गेला. दत्तप्रसादच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की तिला हसायलाच आलं.

"म्हणजे अडीच तास यायचं, पकडायचा आणि सोडून द्यायचा?"

"हो."

"हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी पाच महिने त्या माशांची काळजी करत होतो."

ते काठावर येऊन बसले. मंजिरीने रॉड मांडीवर घेतला. बोलायचं कुठून? तिने रिळाकडे बोट दाखवलं. "हे फिरत नाहीये."

दत्तप्रसादने खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. माणसाने कुठेही जाताना तो जवळ ठेवावा असं त्याचं मत होतं. त्याने रिळाचं चाक सोडवलं आणि आत बघून त्याचे कान लाल झाले. फटीत कुंकवाने माखलेले तांदळाचे दाणे होते.

"अक्षता," तो पुटपुटला.

"किती टाकल्यास?"

"शास्त्रापुरत्या. म्हणजे… दोन मुठी. नवीन वस्तू होती ना." तो खाली मान घालून एकेक दाणा काढायला लागला. "मी नळीचीच करणार होतो, मंजू. पण उचलली तर आत वाजलं. मला वाटलं, काही तुटलं की काय. तू चिडशील म्हणून मी बघायला उघडली."

"आम्ही मोजा घातला होता."

"एका मोज्याने थोडं वाजत होतं. दोन लागतात." त्याने एक दाणा नखाने काढून गवतात टाकला. "तू दुकानात म्हणालीस, हा छान वाटतोय. आणि तेव्हा मी विचारलं, छान म्हणजे किती. तुझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला नळी उघडल्यावर आठवलं. तेव्हा दिसला होता, पण मी पेन उघडून उभा होतो."

मंजिरीला रडू आलं आणि या वेळी तिने नळ सोडला नाही. तो सरळ बसून राहिला. समजावलं नाही. थर्मासमधला चहा ओतून तिच्या हाताशी ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस?" तिने नाक पुसत विचारलं. "तीन दिवस!"

"फार कठीण गेलं," दत्तप्रसाद म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की दोघंही हसली. "तुला सांगायचं होतं ना. मग मी आधी कसं बोलणार?"

"बिलपिनला सांगत होते. तूच पळालास."

"तिथे सांगितलं असतंस तर मी फायबरग्लासवर काहीतरी बोलून बसलो असतो. तोंडाशी आलं होतं."

शेवटचा दाणा निघाला. त्याने रीळ बसवलं, फिरवून बघितलं. छान टिकटिक झाली. मग जरा संकोचून त्याने विचारलं, "मी एकदा हातात घेऊ?"

तिने रॉड दिला. दत्तप्रसादने तो धरला, एकदा हलवला, दोनदा हलवला, कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मनगट उलटसुलट फिरवून बघितलं. मग त्याने रॉड दोन्ही हातांनी तिच्याकडे परत दिला.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"मला कळतं," मंजिरी म्हणाली.

तो "किती" म्हणाला नाही. त्याने ओले बूट काढले, ओले मोजे काढून दगडावर वाळत घातले, आणि नळीतली करडी जोडी पायात चढवली. मंजिरी रॉड घेऊन ओढ्यात वरच्या अंगाला निघाली.